पाच नंबरच्या टेबलाची ओटी

मनवेलपाडा, विरार पूर्व
१२ जानेवारी, रविवार

प्रिय ज्युली,

पत्र कागदावर का लिहिलं ते आधीच सांगते, नाहीतर म्हणशील लतिकाताईला म्हातारचळ लागला. फोनच करणार होते. पण आता आमच्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये कंपनीने एक ॲप टाकून घेतलंय. नाव 'संवाद'. विघ्नेशने एकेकीचा फोन स्वतःच्या हातात घेऊन टाकलं, 'अलाऊ, अलाऊ' करत. छत्र्या शिवणाऱ्या बाईचा माइक त्या ॲपला कशाला हवा? तेव्हापासून मी फोनजवळ मेथीचा भावसुद्धा बोलत नाही. आमचे विलासराव म्हणतात, संशयाला औषध नसतं. मी म्हटलं, औषध नसेल, रोग तरी खरा आहे ना!

विघ्नेश म्हणजे तुझ्या भावाने, नेल्सनने आणलेला नवा कल्चर मॅनेजर. गुळगुळीत दाढी, गोड वाणी, आल्या आल्या माझ्या पाया पडला. पाया पडणाऱ्याचे हात मी आधी बघते, उगाच नाही. तुझ्या पप्पांच्या वेळी आपल्याकडे कल्चर म्हणजे गणपतीला मोदक आणि नाताळला केक. आता रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी आम्हाला गोल करून उभं करतात. इथे कोणी साहेब नाही, कोणी कामगार नाही, मनात असेल ते मोकळेपणी बोला, असं तो म्हणतो. मन मोकळं करा म्हणणारा माणूस हातात टॅब घेऊन टिपून कशाला घेतो? मी रोज एकच वाक्य बोलते, "सगळं छान आहे." भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय, 'बदल म्हणजे संधी'. कोणाची, ते लिहिलेलं नाही.

आता मुद्द्यावर येते, ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. एप्रिलपासून नवी रचना येणार आहे. आजवर काम टेबलाच्या नावावर मोजलं जायचं. आता ते बाईच्या नावावर मोजणार, आणि ज्या कमी पडतील त्यांना 'मोकळं करणार'. हा विघ्नेशचाच शब्द. म्हणजे सगळ्यांत आधी प्रिस्का जाणार. अर्नाळ्याहून रोज येणारी, तुला पहिला टाका शिकवणारी प्रिस्का. पुढच्या वर्षी ती रिटायर होईल. तेवढं वर्ष तिचं निघालं पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

तू कॉलेजात असताना दोन सुट्ट्या आमच्या पाच नंबरच्या टेबलावर बसली होतीस. ओटी आठवते? प्रिस्काच्या नवऱ्याची बोट बंदराला लागली की ती दुपारीच मासळी विकायला पळायची, आणि आपण सगळ्या आपल्या एकदोन छत्र्या गुपचूप तिच्या क्रेटमध्ये टाकायचो. "प्रिस्काची ओटी भरली का गं?" असं कुजबुजत विचारायचं. जिचं मूल आजारी तिची ओटी, जिच्या घरी मयत तिची ओटी. तू ख्रिश्चन घरातली, तुला ह्या शब्दाचं केवढं हसू यायचं. आम्ही अजून भरतो. म्हणून तर टेबल चाललंय.

कंपनी अर्धी तुझ्या नावावर आहे, आणि तुझ्या सहीशिवाय नेल्सनला असला मोठा बदल करता येत नाही, हे मी तुझ्या पप्पांच्याच तोंडून ऐकलंय. पप्पांनी खुर्ची त्याला दिली म्हणून तू बंगळूरला निघून गेलीस, त्यांच्या मयताच्या दिवशीसुद्धा भावाशी बोलली नाहीस. राग राहू दे. मी म्हणते, असूच दे. पण सही करू नकोस.

तुझी,
लतिकाताई

*

मनवेलपाडा
२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ज्युली,

तुझा मेसेज आला. 'लिहीत राहा ताई. तुमच्या पत्रांतून मला सगळं दिसतं. सहीचं मी बघते.' वाचला आणि लगेच पुसून टाकला. तू मोबाईलवर काही पाठवू नकोस बाई, तुझं वाचणं मला पुरेसं आहे. खूप बरं वाटलं. देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली.

पण इथे कुठेतरी पाणी मुरतंय. गेल्या आठवड्यात गोलात विघ्नेश म्हणाला, "काही टेबलांवर एक इमोशनल प्रथा आहे, ओटी की काय म्हणतात ती. भावना चांगली आहे, मी रिस्पेक्ट करतो. पण त्यामुळे खरा परफॉर्मन्स लपतो." आणि दुसऱ्याच दिवशी प्रत्येकीला आपापल्या नंबरचे स्टिकर आले. छत्री झाली की आपल्याच हाताने आपला स्टिकर मुठीवर चिकटवायचा. दुसरीचा स्टिकर हातात सापडला तर लेखी ताकीद.

ओटी! नालासोपाऱ्याच्या कॉम्प्लेक्समध्ये वाढलेला मुलगा, त्याला ओटी म्हणजे लग्नातली नारळ-खणाची माहीत असेल तर असेल. आमची ओटी त्याच्या कानावर गेली कशी? नेल्सनलासुद्धा ती कधी कळली नव्हती. तो कधी टेबलावर बसलाच नाही.

मला एकीचाच संशय येतो. राजोडीची एलिसा, तू गेल्यानंतर लागलेली. हात चांगला आहे, तोंडही चांगलं आहे, आणि तिथेच गोम आहे. तिला त्यांनी 'चेंज चॅम्पियन' केलंय. पिवळा टी-शर्ट दिलाय, तो साडीवरून घालून फिरते. चहाच्या सुट्टीत वर विघ्नेशच्या केबिनमध्ये जाते आणि हसत खाली येते. कानामागून आली आणि तिखट झाली. ती आली की मी आता फक्त हवापाण्याचं बोलते.

काळजी प्रिस्काची वाटते. तुला म्हणून सांगते, तिला आता सुई ओवता येत नाही. डोळ्यांत पडदा आलाय. ऑपरेशनला घाबरते, लूर्द मातेला नवस बोलून बसली आहे. सकाळी एलिसाच तिच्या सुया ओवून उशीला टोचून ठेवते, मग ती बोटांच्या अंदाजाने दिवसभर काड्यांना कापड शिवते. टाका अजून सरळ पडतो, पण वेग पूर्वीचा नाही. ओटी बंद झाल्यापासून तिच्या क्रेटकडे बघवत नाही. अशा बाईला एकटीला मोजली तर पहिल्याच दिवशी बाद होईल. म्हणून पुन्हा सांगते, तुझा हात आवर.

आणखी काय काय कळवू? तुला जे जे जाणून घ्यायचं असेल ते विचार.

तुझी,
लतिकाताई

*

मनवेलपाडा
२३ फेब्रुवारी, रविवार

ज्युली,

खुशाली राहू दे, आधी हे वाच.

मंगळवारी कंपनीत आरोग्य शिबिर झालं. कोणी मागितलं होतं? नाव आरोग्याचं, आणि डॉक्टर आला तो फक्त डोळ्यांचा. पहिला नंबर कोणाचा, तर पाच नंबरच्या टेबलाचा. प्रिस्काला पाटीवरची वरची दोन अक्षरं दिसली, पुढे ती आठवून आठवून बोलायला लागली, जशी काही प्रार्थनाच म्हणतेय. डॉक्टर हसला. मी दारातून बघत होते. संध्याकाळी तिला वर बोलावून सांगितलं, मार्चअखेर. तिच्या सुरक्षिततेसाठी म्हणे.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी एलिसाला सगळ्यांसमोर विचारलं.

"प्रिस्काच्या सुया कोण ओवतं?"

"मी ओवते. का गो?"

"हे वर कोणाला माहीत होतं?"

"मना काय म्हाईत? मी कोनाला काय सांगितलं नाय."

"मग केबिनमध्ये रोज काय आरती करायला जातेस?"

"तो बोलावतो म्हनून जाते. नवीन पोरींना टाका कसा शिकवायचा ते इचारतो. माझ्या पोराची आन, लतिकाताई."

प्रिस्का मधे पडली. "लतिका, जाऊ दे गो. पोरगी रोज माझ्या सुया ओवते."

मी म्हटलं, "ओवणारीलाच सुई कुठे टोचायची ते कळतं."

माझं चुकलं का? तूच सांग. खाई त्याला खवखवे. तिचे डोळे भरले होते, पण रडणं म्हणजे काही पुरावा नाही. आमचे डबे टेबलाच्या मधोमध उघडतात, तुला माहीत आहे, कोणाची भाजी कोणाच्या पोळीत जाते ह्याचा हिशेब नसतो. मी माझा डबा उचलला आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. एकेक करत बाकीच्यांनी आपापले डबे उचलले. शेवटी प्रिस्कासुद्धा उठली, जरा वेळ घेऊन. एलिसा आपली बोंबलाची चटणी घेऊन एकटी बसली. तेव्हापासून रोज एकटीच बसते. तिच्याशी कोणी बोलत नाही. मी कोणाला तसं सांगितलेलं नाही. सांगावं लागलं नाही.

ज्युली, तू नुसतं वाचू नकोस, ये. एकदा ह्या लोकांसमोर उभी राहा. तुला माहीत नसेल म्हणून सांगते. तुझे पप्पा गेले ते शुक्रवारी दुपारी तीनला. तेव्हापासून दर शुक्रवारी तीन वाजता आमचं टेबल हातातली सुई खाली ठेवतं आणि मिनिटभर उभं राहतं. हिंदू, ख्रिश्चन सगळ्या. कोणाला सांगितलेलं नाही, नेल्सनलाही नाही. ज्या माणसासाठी बायका अशा उभ्या राहतात, त्याची कंपनी अशी चालवायची का, हे त्याला तू विचार. आम्ही विचारलं तर उद्धटपणा होतो.

वाट बघते.

लतिकाताई

*

मनवेलपाडा
१६ मार्च, रविवार

प्रिय ज्युली,

'शुक्रवारचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.' तुझा एवढाच मेसेज आला, पण त्यात मला सगळं मिळालं. मला माहीत होतं, तू पप्पांवर गेलीस.

इकडची बातमी अशी की एलिसाने राजीनामा दिला. धुळवडीच्या आदल्या दिवशी पिवळा टी-शर्ट नीट घडी करून विघ्नेशच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेली. विघ्नेश खाली येऊन विचारत होता, काय झालं, तिला का जाऊ दिलंत. काय साळसूद चेहरा! स्वतःचा कान गेला म्हणून कळवळला असेल. नेहमी जाणाऱ्या बाईला आम्ही गजरा आणि वेफर्सचा पुडा देतो. ह्या वेळी कोणी काही आणलं नाही.

मला आनंद झालाय, तो का लपवू? टेबलावर आता भेदी उरला नाही. दोन आठवडे राहिलेत, तेवढ्यात तू नकार कळवलास की झालं. नकाराचं पत्र नेल्सनला टाकलंस का? टाकलं असशील तर त्याच्या चेहऱ्यावर अजून काही दिसत नाही. उलट हल्ली शीळ घालत जिना चढतो. माणूस हरायला लागला की असाच वागतो म्हणा.

एकच अडचण झाली आहे. सकाळी प्रिस्काच्या सुया आता मला ओवाव्या लागतात, आणि चष्मा लावूनसुद्धा मला दोनदोनदा थुंकी लावावी लागते. काल ती एवढंच म्हणाली, "एलिसा दोरा लांब ठेवायची." तुझ्या पहिल्या टाक्याच्या वेळी आपल्या मेरीमातेसारखी शांत बसणारी ही बाई, हल्ली माझ्याकडे बघत नाही. डोळ्यांमुळे असेल.

कधी येतेस? मुंबईत नको थांबूस, सरळ विरारला ये, मी रिक्षा घेऊन उभी राहते.

तुझी,
लतिकाताई

*

मनवेलपाडा
३० मार्च, गुढीपाडवा

ज्युलिएट मॅडम यांस,

सोमवारी पाच नंबरच्या टेबलासमोर एक नोटीस लागली. 'दर शुक्रवारी दुपारी ३ वाजता होणारा अनौपचारिक कामथांबा तात्काळ बंद करण्यात येत आहे. स्वर्गीय संस्थापकांच्या स्मृतीचा आदर राखण्यासाठी वर्षातून एकदा प्रार्थनासभा घेण्यात येईल.'

बायका हसायला लागल्या. "कसला थांबा? कधी थांबलो आपण?" सॅन्टन मेकॅनिक म्हणाला, "दुसऱ्या कंपनीची नोटीस इथे लागली वाटतं." सगळ्यांत शेवटी प्रिस्काने विचारलं, काय लिहिलंय, मला वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं. मी एकटीच हसले नाही.

कारण तसा थांबा कधी नव्हताच, मॅडम. तुमचे पप्पा गेले त्या आठवड्यात आम्ही एकदा उभ्या राहिलो, बस्स. दर शुक्रवारचं मी रचून लिहिलं होतं. तुम्हाला रडू यावं आणि तुम्ही याव्यात म्हणून. ते टेबलाला माहीत नाही, घरी माहीत नाही, एलिसाला तर माहीत असण्याचा प्रश्नच नाही. ते पृथ्वीच्या पाठीवर फक्त एका पत्रात होतं.

मी वर केबिनमध्ये गेले. हे शुक्रवारचं कोणी सांगितलं, असं विघ्नेशला विचारलं. तो गोंधळला.

"म्हणजे? ज्युलिएट मॅडमनी. तुम्हीच नाही का त्यांना..."

"त्यांचा काय संबंध?"

"अहो ताई, हा पूर्ण प्लॅनच मॅडमचा आहे. बंगळूरला त्या हेच काम करतात, कंपन्या बदलायचं. मला पण त्यांनीच सिलेक्ट केलं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. मीटिंगमध्ये तुमचं किती नाव घेतात माहितीये? 'व्हॉइस ऑफ द फ्लोअर' म्हणतात तुम्हाला."

"आणि सही?"

"ती तर नोव्हेंबरातच झाली. मृतांच्या दिवशी सरांच्या कबरीवर दोघं भेटले, तिथेच सगळं मिटलं ना त्यांचं."

म्हणजे माझं पहिलं पत्र तुमच्या हातात पडलं त्याच्या कितीतरी आधी. 'सहीचं मी बघते' असं तुम्ही लिहिलं होतं. बघितलीच असेल, वाळली की नाही ते.

मी त्याला ॲपबद्दलही विचारलं, आता लाज कसली. तो म्हणाला, "ते? त्यात फक्त बर्थडे दिसतात. कोणी उघडतच नाही." जाता जाता म्हणाला की हे केलं नसतं तर बाहेरून येणाऱ्या स्वस्त छत्र्यांपुढे कंपनी दोन वर्षांत बंद पडली असती, मॅडमनी वाचवली. असेल. मला त्यातलं कळत नाही. तुम्ही ते आम्हाला गोलात उभं राहून तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, पण ऐकलं असतं. तुम्ही माझ्याकडून माझ्याच बायका काढून घेतल्यात, एकेका पत्रातून, आणि मी वर तुम्हाला 'आणखी काय कळवू' म्हणून विचारत होते. मला तुमचा संताप येतो. भावाशी भांडण मिटलं हे कळवायला एक ओळ पुरली असती.

मी सगळ्यांवर संशय घेतला. विघ्नेशवर, नेल्सनवर, मोबाईलवर, त्या डॉक्टरवर. तुमच्यावर घेतला नाही. आमच्या विलासरावांनी चहा करून दिला.

शुक्रवारी प्रिस्का गेली. तिला गजरा दिला, मोठा केक आणला. तिने सगळ्यांना जवळ घेतलं, मलाही घेतलं, त्याने जास्तच लागलं.

आज सकाळी गुढी उभारली आणि एस.टी. धरून राजोडीला गेले. एलिसाच्या घरी अंगणात मुंबईची पाहुणे मंडळी जेवायला बसली होती, रविवारी समुद्रावर येणाऱ्यांना ती आता घरीच जेवणं करून विकते. मला बघून ती थांबली नाही, वाढत राहिली. पाहुणे उठेपर्यंत मी ओट्यावर बसून राहिले. मग सगळं सांगितलं. ओटीचं मी कळवलं, डोळ्यांचं मी कळवलं, तू काहीच केलं नव्हतंस. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या घालेल. तिने ताटं गोळा केली आणि विचारलं,

"टेबलाला सांगितलंस?"

मी म्हटलं, नाही अजून.

"मग मना कशाला सांगतेस? मी केलं नाय ते मना पयल्या दिसापासून म्हाईत हाय."

एवढं बोलून आत गेली. मी पाणीसुद्धा न मागता निघाले.

उद्या सोमवार. विघ्नेश गोलात विचारेल, आज कोण बोलणार. इतके दिवस मी 'सगळं छान आहे' म्हणत आले. उद्या मी बोलणार आहे. कोणी कोणाला काय सांगितलं आणि प्रिस्का कशाने गेली, ते माझ्या नावानिशी. त्यानंतर टेबलावर माझा डबा कुठे राहील ते मला कळतं, आणि मला त्याची भीती वाटते. आयुष्यात कशाची इतकी वाटली नव्हती.

त्या बायका माझ्याशी बोलल्या की नाही, मला टेबलावर ठेवलं की नाही, ते तुम्हाला विघ्नेश कळवेलच. माझ्याकडून तुम्हाला आता काही कळणार नाही.

लतिका